नर्सबाईंच्या गाडीचा गिअरबॉक्स

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. तुम्ही मला पाहिलेले नसणार, कारण गाडीच्या पोटाखाली इंजिनाला पाठ टेकून मी बसलेला असतो. चढ आला की जोर लावायचा, सपाट रस्ता आला की वेग द्यायचा, हे सगळे मी आपणहून करतो. चालवणाऱ्याला डाव्या पायाने क्लच दाबावा लागत नाही. म्हणून मला ऑटोमॅटिक म्हणतात.

कारखान्यात माझी दातेरी चाके आणि चकत्या जुळवून झाल्या, तेव्हा माझ्या पोटात लालभडक तेल ओतले गेले. त्या तेलाच्या दाबाने माझ्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि त्यानेच मी थंड राहतो.

माझी गाडी नर्सबाईंनी घेतली. बाई गावोगाव जाऊन बाळंतपणे करत. लहानपणीच्या आजारात त्यांचा डावा पाय लुळा पडला होता. लोक म्हणत, "ही बाई गाडी काय चालवणार?" बाईंनी चालवून दाखवली. त्यांच्या डाव्या पायाचे काम मी केले, एक-दोन नव्हे, एकोणीस वर्षे! चिखलातून, खडीतून, नदीकाठच्या कच्च्या वाटेने मी त्यांना वेळेवर पोहोचवले. किती बाळांचे पहिले रडणे मी दारात उभ्या उभ्या ऐकले आहे. मग माझी छाती फुगणार नाही तर काय?

इंजिनाचे तेल वेळच्या वेळी बदलले जाई. टायर नवे आले, सीटला नवे कपडे आले. माझ्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिले नाही. यात बाईंचा दोष नव्हता. गाडी विकणाऱ्याने सांगितले होते, "गिअरबॉक्सचं तेल जन्मभर बदलावं लागत नाही." कुणाच्या जन्मभर, ते काही त्याने सांगितले नाही.

मग एके सकाळी बाईंनी गिअरचा दांडा ओढला आणि मी जागचा हललो नाही. तीन-चार क्षणांनी हिसका देऊन निघालो. पुढे पुढे चढावर इंजिन नुसते ओरडे आणि गाडी गोगलगाईसारखी सरके. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाईंचा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आता घाल हिला भंगारात. मी फिरवीन तुला माझ्या गाडीतून."

"आणि तू कामावर असलास म्हणजे? बाळं काय तुझी सुट्टी बघून जन्माला येणार?"

जवळच्या मेकॅनिकने तर हातच जोडले. "बाई, जुन्या तेलावर चालतोय तोवर चालू द्या. नवं घातलं की दोन दिवसांत बसेल."

शेवटी बाई पेट्रोलपंपामागच्या गॅरेजवाल्या काकूंकडे गेल्या. काकूंनी माझी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि पांढऱ्या कागदावर पुसली. लाल तेलाचा काळपट काढा झाला होता. त्यांनी वास घेतला.

"आत काय झालंय ते उघडल्याशिवाय सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "चकत्याच जळल्या असतील, तर नव्या तेलाचा उपयोग नाही. उगाच आशा दाखवत नाही मी."

"मग उघडायचं तरी कशाला?" भाऊ म्हणाला.

बाई म्हणाल्या, "उघडा काकू. काय असेल ते कळू दे."

गाडी वर उचलली. काळे तेल धारेने भांड्यात पडले. काकूंनी माझे खालचे झाकण काढले आणि त्यातल्या लोहचुंबकावर साचलेला गाळ दोन बोटांत चोळला. एकोणीस वर्षांचा माझा निकाल त्या दोन बोटांत होता.

"मऊ आहे. लोण्यासारखा. धातूचा कीस कुठेच नाही." काकू हसल्या. "बाई, हा मेलेला नाही, उपाशी आहे!"

त्यांनी झाकण लख्ख धुतले, तुंबलेली जाळी बदलली, बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळले. मग काढलेले तेल मोजले आणि माझ्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचे नवे तेल तेवढेच ओतले.

भावाला घाई. "सगळंच जोरात धुऊन काढा ना एकदम!"

"उपाशी म्हाताऱ्याला पंगतीला बसवतात का? आज एवढंच. उरलेलं पंधरा दिवसांनी."

इंजिन सुरू झाले. ब्रेक दाबून काकूंनी दांडा एकेका खुणेवर सावकाश थांबवला. मी तापल्यावर पट्टी पुन्हा पाहिली. माझ्या नसानसांत लाल तेल खेळत होते.

दुसऱ्यांदा तेल बदलल्यावर चारच दिवसांनी, भर दुपारी, डोंगरावरच्या वस्तीतून फोन आला. एक बाळंतीण अडली होती आणि रुग्णवाहिका लांब होती. भाऊ घरीच होता. तोही शेजारी बसला आणि दारावरचे हँडल त्याने दोन्ही हातांनी धरले. पहिल्या वळणावर उभा चढ आला. बाईंनी पाय दाबला. मी खालचा गिअर धरला आणि सोडला नाही! सात वळणे मी एका दमात चढलो.

बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता. बाईंनी तो अलगद सोडवला. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग असे रडणे फुटले की झाडावरची पाखरे उडाली.

घाम पुसत बाई बाहेर आल्या. "दहा मिनिटं उशीर झाला असता, तर..."

भावाने गाडीतली वही उघडली, खिशातून पेन काढले आणि विचारले, "ताई, ह्याचं तेल आता पुन्हा कधी बदलायचं?"

मित्रांनो, आज मला तेविसावे वर्ष चालू आहे आणि माझा अजून एकही गिअर निसटत नाही. तुमच्या दारातल्या गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल शेवटचे कधी बदलले, एवढे आज घरी विचारा. आणि घरात जे माणूस कुरकुर न करता राबते, त्याच्याजवळही घडीभर बसा. आम्ही आपणहून सांगत नाही. पण कुणी विचारले, की आणखी किती डोंगर चढू शकतो, ते दाखवून देतो.