हात बघायला

बाळाची हनुवटी थरथरत होती. श्वासाच्या लयीशी त्या थरथरीचा संबंध नव्हता; ती श्वासाहून जलद होती, एकसारखी आणि फार बारीक. मी हनुवटीखाली बोट टेकवलं की थांबायची, काढलं की पुन्हा सुरू व्हायची. आकडी असती तर बोट टेकवून थांबली नसती. एवढ्यावरून बरंच कळलं.

मुलगी दोन दिवसांची होती. रक्तातली साखर ठीक, कॅल्शियम ठीक, जंतुसंसर्गाची खूण नाही. तरी ती सारखी शिंकायची, जांभया द्यायची. स्वतःची मूठ अधाशासारखी चोखायची आणि अंगावर घेतली की दोन घोटांत दूध सोडून द्यायची. रडणं उंच, कानात घुसणारं. झोपेतही तिचे हात थरथरत.

आई सेजल. महाडच्या आमच्या छोट्या रुग्णालयात ती पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका डोंगरवाडीतून आली होती. पाठीला उशी लावल्याशिवाय तिला बसता येत नव्हतं.

"पोटात असताना कुठली औषधं घेत होतीस?" मी विचारलं.

"रक्ताच्या गोळ्या," उत्तर सासूनं, ठकूबाईंनी दिलं. "मीच देत हुते रोज. दुसरं काय नाय."

सेजल भिंतीकडे बघत राहिली. ठकूबाई चहाला गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

चार वर्षांपूर्वी वाडीवर दरड कोसळली तेव्हा घराची भिंत तिच्या पाठीवर पडली होती. लग्न नुकतंच झालं होतं. कुणीतरी दुखण्याच्या जोरदार गोळ्या लिहून दिल्या, आणि पुढे औषधाच्या दुकानात त्या चिठ्ठीशिवायही मिळत गेल्या.

"आधी दुखायचं म्हणून घ्यायचे," ती म्हणाली. "मग नाय दुखलं तरी. नाय घेतली की अंगातून पाणी सुटतं, झोप लागत नाय. दर पावसाळ्यात आम्हाला खाली शाळेत आणून ठेवतात. पाऊस सरला की सगळी परत वर. प्रत्येक वेळी वाटतं, सांगावं सासऱ्यांना, आबांना, मी नाय येत. मग गोळी घेते आणि चढते."

मी तिला समजावून सांगितलं. गोळीतलं औषध नाळेतून बाळाला मिळत होतं. नाळ कापली आणि ते एकदम बंद झालं. आता बाळाचं शरीर ते मागतंय. हा त्रास बरा होतो. ती गरोदरपणात आली असती तर गोळ्या हळूहळू, देखरेखीखाली उतरवता आल्या असत्या. आताही एकदम बंद करायच्या नव्हत्या.

"घरी सांगू नका, मॅडम."

"मी नाही सांगणार. तू कधी सांगायचं ते तू ठरव."

बाळाला आम्ही कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. पडदे ओढले, दिवा बंद ठेवला. घट्ट गुंडाळून ती दिवसभर आईच्या छातीशी. थोडं थोडं दूध, पण वरचेवर. आमच्या आया सोनाबाईंनी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, म्हणजे तोही आवाज नको. बहुतेक बाळांना एवढं पुरतं.

दुपारी सेजलचे सासरे गोमाजी आले. वाडीत त्यांचा शब्द चालतो. बाळाच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. दुपट्यातून सुटलेल्या हाताकडे ते वाकून बघत राहिले, इतका वेळ की मला त्यांना बाजूला व्हा म्हणावं लागलं.

"पानी हलतंय," ते हळूच म्हणाले.

बाहेरच्या बाकावर त्यांनी मला सांगितलं. दरड आली त्या सकाळी, आवाज यायच्या आधी, चुलीजवळचा काठोकाठ भरलेला तांब्या थरथरला होता. ज्यांनी तो पाहिला ते बाहेर धावले आणि वाचले. तेव्हापासून वाडीत प्रत्येक घरी जमिनीवर भरलेला तांब्या असतो. यंदा तर डोंगराला भेगही पडली; आषाढापासून सगळे खाली शाळेत आहेत. वर घरं रिकामी, आणि तांब्यांकडे बघायला कोणी नाही.

"म्हनून डोंगरानं हिला धाडली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वाडीतली चार माणसं आली. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. चपला बाहेर काढून एकेक जण दाराशी यायचा, अर्ध्या अंधारात त्या हातांकडे बघायचा आणि मान हलवून बाजूला व्हायचा. बाळाचं नाव काय ठेवणार, वजन किती, कुणावर गेली, हे एकानंही विचारलं नाही. उंबऱ्यावर विडा आणि झेंडूची फुलं आली.

"उचला हे," सोनाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "बाळ हाय ते, सातआसरा देवी नाय. हवामान खात्याचं हापीस केलंय नुसतं!"

"तुला नाय कळायचं, सोनाबाय," ठकूबाई म्हणाल्या. "तू सपाटीवरची."

"सपाटीवर पूर येतो, आजी. आमी पोरांना नाय विचारत, पान्याला विचारतो."

चौथ्या दिवशी दुपारी बाळ कशानंच शांत होईना. दूध जाईना, डोळ्याला डोळा लागेना, रडून रडून अंगावर जाळीसारखे निळसर चट्टे उमटले. मी थेंबांनी मोजून मॉर्फिन सुरू केलं. ज्या जातीच्या औषधाची सवय, त्याच जातीचं औषध द्यायचं आणि मग रोज थोडं कमी करत जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाजी आले ते चिखलाच्या पायांनी.

"काल दुपारी भेगेत अख्खं आंब्याचं झाड गेलं. लय हलत हुते ना हात?"

योगायोग, असं मी मनात म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं.

औषध लागू पडलं. हात निवले, बाळ नीट पिऊ लागलं. एकदा दुपारी मी खोलीत गेले तेव्हा ती पाच बोटं पसरून झोपली होती, अगदी स्थिर. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: म्हणजे डोंगर आज शांत आहे. औषधाच्या मात्रेचा विचार त्यानंतर आला. मी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. बिरवाडीच्या कारखान्यांच्या धुरापलीकडे डोंगर ढगात होते. त्यातला त्यांचा डोंगर कुठला, ते मला माहीत नव्हतं.

गणपती चार दिवसांवर आले. सेजलचा नवरा सुनील मुंबईहून आला. त्या दुपारी तो, ठकूबाई आणि गोमाजी एकदमच खोलीत शिरले.

"हात थांबलं," गोमाजी म्हणाले. "घरं झाडायला मानसं पुढं गेली. गनपती आपापल्या घरात बसतील. पोरीला न्यायला आलोय."

"तिचं औषध अजून उतरवायचं आहे," मी म्हटलं. "मधेच तोडलं तर त्रास परत सुरू होईल. आणि वर राहायचं नाही, असा कागद लागलाय ना शाळेवर?"

"कागद हलत नाय, बाई. ही हलती. वर आमच्यात असली म्हंजे कळंल."

"हात औषधानं थांबलेत, गोमाजी."

ते समजुतीनं हसले. "औशद कधी द्यायाचं, ते तुमाला पन कुनीतरी सांगितलंच ना?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते मला देता येत नव्हतं. मी सेजलकडे पाहिलं. बाळ तिच्या छातीशी होतं आणि ती त्याच्या टाळूवर ओठ टेकून बसली होती.

"चल गो, आवर," सुनील म्हणाला. "टेम्पोवाला वेटिंगला हाय. सही करून नेता येतं, मी विचारलंय."

गोमाजींनी बाळासाठी दोन्ही हात पुढे केले. सेजलनं बाळ दिलं नाही.

"आबा, ती डोंगरानं नाय थरथरली."

"आं?"

"माझ्यामुळं. मी गोळ्या खाते. भिंत पडली तेव्हापासून. ही पोटात होती तेव्हापण खात होते. त्या सुटल्या म्हणून हिचे हात हलले."

"गप गो!" ठकूबाई म्हणाल्या. "काय पन बरळतेस. रक्ताच्या गोळ्या त्या, मी देत हुते."

"त्या नाय, आई. दुसऱ्या. तुम्ही झोपल्यावर." तिचा आवाज खाली आला, पण थांबला नाही. "मॅडम उद्या औषध कमी करतील. हात परत हलले तर पळणार काय सगळे? आणि नाय हलले तर झोपणार वरती? पोरीच्या हातात काय नाय, आबा. माझंच इख हाय ते."

ठकूबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोरीला आयशीनंच..." एवढं म्हणून त्या खाली बसल्या. सुनील सेजलकडे बघत होता, दाराशी चपला काढणाऱ्या माणसांनी बाळाकडे बघावं तसा.

"हे खरं?" त्यानं मला विचारलं.

मी सेजलकडे पाहिलं. तिनं होकाराची मान हलवली.

"खरं आहे," मी म्हटलं. "आणि दोघी बऱ्या होतील. इथं राहिल्या तर."

गोमाजींचे हात अजून पुढेच होते. हळूहळू त्यांनी ते मागे घेतले आणि खाटेच्या कडेला टेकले. ते म्हातारे दिसले.

"मंग डोंगराचं आमाला सांगनार कोन?" ते म्हणाले.

बाळानं झोपेत एक उसासा टाकला. सगळ्यांच्या माना तिच्या हातांकडे वळल्या, माझीही वळली. सेजलनं दुपटं ओढून ते हात झाकून टाकले.

"कोन नाय सांगणार," ती म्हणाली. "मी वर येत नाय, आबा. गणपतीला नाय, पाऊस सरल्यावरही नाय. कधीच नाय."