चंद्राबाईच्या वहीतली खोली

पान पहिलं. दोरी.

एक आडवी रेघ आणि तिच्यावर वितीवितीच्या अंतरानं काळे ठिपके. ती दोरी आहे. ठिपके म्हणजे गाठी.

छप्पन साली मुळशीतल्या माले गावात ग्रामसेविका आल्या, रत्नाबाई. देवळात बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरवायच्या. चंद्राबाईला तीन महिन्यांत एकच अक्षर आलं, आणि तेही विळ्यासारखं दिसतंय म्हणून तिनं त्याला मूठ काढली आणि पुढं थोडं गवत. रत्नाबाईंनी पाटीकडं बघितलं, पण रागावल्या नाहीत. पिशवीतून एक कोरी वही आणि शिसपेन्सिल काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"अक्षरं राहू देत आता. जे शिकायचं, ते आधी काढून बघा. जिथं हात अडेल, तिथं अजून कळलेलं नाही असं समजा."

त्या पावसाळ्यात जपानी पद्धतीची भातलावणी शिकवायची टूम निघाली होती. गाठींची दोरी ताणायची, गाठीपाशी रोप लावायचं. चंद्राबाईनं दोरी काढली, दोन टोकांना दोन बायका काढल्या, तिसरी रोप लावणारी काढली आणि हात अडला. पहिली ओळ संपल्यावर दोरी उचलायची कुणी, आणि सरकवायची किती? तिनं जाऊन विचारलं. उत्तर वहीत काढलं. मगच ती चिखलात उतरली.

"भात काय कवायतीला निगालाय का गं?" सासू तुळजाबाई बांधावरून ओरडली. "वळीनं उबा केलाय त्यो!"

भात चांगला आला. तुळजाबाईनं तसं तोंडानं कबूल केलं नाही, पण पुढच्या साली दोरीला गाठी मारायला तीच बसली.


मधली पानं. ष्टो, नळ, बटण, जिना.

चंद्राबाईचा नवरा भिवाजी मुंबईत डबे पोचवायचा. चैत्रात जत्रेला आठ दिवस आणि आषाढात लावणीला चार दिवस गावी यायचा. एकसष्ट साली लग्नाला सात वर्षं होत आली, तरी त्यातले सोबतीचे दिवस एकापुढं एक मांडले तर तीन महिनेही भरत नव्हते.

"मला न्या की तिकडं," ती पहिल्या जत्रेला म्हणाली होती.

"नेतो की. खोली हाय. पर तुला तितलं जमायचं न्हाई चंद्रे. तितं चूल नसती, ष्टो असतोय."

तेव्हा ती गप्प बसली होती. वही मिळाल्यावर गप्प बसायचं तिला कारण उरलं नाही.

"ष्टो कसा असतोय?"

"आता कसा असतोय! पितळंचा. तीन पायांचा."

"जाळ कुटनं निगतोय?"

"वरनं."

"आन घासलेट खाली. मग ते वर कसं चढतंय?"

भिवाजी टोपी काढून डोकं खाजवायचा. पुढच्या वेळी नीट बघून यायचा आणि सांगायचा: हवा भरायचा दट्ट्या, बारीक पिन, आधी वाटीत पेटवायचं. ती काढायची, अडायची, विचारायची. दोन वर्षांनी रत्नाबाईंनी पुण्याहून एक स्टोव्ह आणून देवळात ठेवला आणि विचारलं, कोण पेटवून बघतंय? सगळ्या बायका चार पावलं मागं सरल्या. चंद्राबाई पुढं झाली. दट्ट्या मारला, पिन घातली, निळा जाळ सूं करून उठला.

"हिनं कवा बगितला गं ह्यो?" शेजारची धोंडाबाई म्हणाली.

"काडलाय," चंद्राबाई म्हणाली.

जत्रेला तिनं ही बातमी सांगितली. भिवाजीचा चेहरा आधी फुलला, मग उतरला. म्हणाला, "तितं नळ बी असतोय."

मग नळ. मग जिना, चार मजले चढताना डावा हात कठड्याला, उजव्यात कळशी. मग संडासाची रांग, रांगेत टमरेलं. मग दिव्याचं बटण. बटणाला हात अडला, कारण आत काय आहे ते भिवाजीला सांगता येईना.

"हितलीच वीज ती," तो वैतागून म्हणाला. "आपल्या मुळशीच्या धरणाचं पानी कोकणात सोडत्यात, त्याच्यावर मुंबईचा दिवा लागतोय."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. पडवीत चिमणी मिणमिणत होती.

"म्हंजी पानी हितनं गेलं, दिवा हितनं गेला, तुमी हितनं गेला," ती म्हणाली. "मीच तेवडी जड झाले व्हय?"


एक पान भोक पडलेलं.

हे पान खोलीचं. दार, कोपऱ्यात ष्टो, भिंतीला फळी, फळीवर डबे. सगळं जागच्या जागी. अडचण फक्त खिडकीची.

पहिल्यांदा त्यानं सांगितलं तेव्हा खिडकी दारासमोर होती. तिनं तिथं काढली. पुढच्या साली म्हणाला, डाव्या अंगाला, बाहेर पिंपळ दिसतो. तिला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. बोटाला थुंकी लावून पुसली आणि डावीकडं काढली. साठ सालच्या लावणीला तो म्हणाला, खिडकीत बसलं की खालचा रस्ता दिसतो, बर्फवाला जातो. पिंपळ नाही, रस्ता. तिनं परत पुसलं. पुसून पुसून कागद झिजला, एका जागी आरपार भोक पडलं.

बाकी सगळं तिला आता येत होतं. ष्टोपासून संडासाच्या रांगेपर्यंत एकही गोष्ट उरली नव्हती, जिच्यासाठी तो म्हणेल, जमायचं न्हाई. एवढी खिडकी सोडून. हात अडतोय म्हणजे आपल्यालाच कळलं नाही, असं धरून ती एकसष्टच्या चैत्राची वाट बघत राहिली. एवढं जमलं की तो न्यायला नाही म्हणणार नाही.


भिवाजीच्या हातचं पान.

एकसष्टची जत्रा संपली होती. दुसऱ्या दिवशी त्याला निघायचं होतं. दुपारी पडवीत तो सुपारी कातरत बसला होता. तिनं वही आणि पेन्सिल त्याच्यापुढं ठेवली.

"ह्या खेपंला तुमीच काडा खोली."

"मला कुटं येतंय?"

"डब्याच्या झाकणावर काडता की."

ते खरं होतं. लिहिता-वाचता त्यालाही येत नव्हतं, पण डब्यावरच्या खुणा, म्हणजे गोल, फुली, टिंब, कुठला डबा कुठल्या इमारतीत, हे सगळं त्याच्या बोटांत होतं. त्यानं हसत पेन्सिल घेतली. दार काढलं. दारापासून भिंतीची रेघ ओढली. मग त्या रेघेवर भराभर बारीक बारीक दांड्या पाडत गेला, झाकण रंगवावं तशा, हात न अडता. प्रत्येक दांडीखाली एक खूण. फुली. गोल. दोन टिंबं.

"ही काय?"

"खुट्या. कपडं टांगायच्या."

"आन खाली?"

"ज्याची त्याची खू..." तो थांबला.

चंद्राबाईनं बोट ठेवून दांड्या मोजल्या. बावीस.

सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली. भिवाजी कागदाकडं असा बघत होता, जसं काही ते कुणी दुसऱ्यानंच काढलंय.

"तुमची कंची?"

त्यानं अकराव्या दांडीला बोट लावलं.

"बाकीचे कोन?"

"आपलीच मानसं. भरे गावचा गेणबा हाय, कुशाबा हाय. खाली वळीनं झोपायचं. एकानं कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची." तो हसायला गेला. "गेणबा तर झोपंतबी हाळी देतोय, 'वळा रं!' म्हणून."

ती हसली नाही.

"आन खिडकी?"

तो पेन्सिलीनं दाराची रेघ परत गिरवत राहिला. मग म्हणाला, "डबा घ्यायला दारात जातोय न्हवं मी. बाई म्हनती, थांबा, भरतेय. मी उंबऱ्याभाईर उबा. तितनं आतली खिडकी दिसती. एकाची समोर, एकाची डाव्या हाताला. एका घरी पिंपळ हाय खिडकीपतुर." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "डबा येईस्तवर बगत राहतोय. वाटतंय, चंद्री हितं बसली आसती. मग तुला सांगाय लागलो की त्येच तोंडात येतंय."

"सात वरसं?"

"खोली बगतोयच की मी. खोटं न्हाई. मिळंना."

"आन ष्टो?"

"त्यो बी त्यांचाच."

"म्हंजी लोकांचा ष्टो पेटवाय शिकले मी!" तिचा आवाज वर गेला. "लोकांच्या नळाला कळशी लावली! लोकांचा जिना चडून चडून माजं..."

तिला हुंदका आला की हसू, ते तिचं तिलाच कळेना.

"काय झालं गं?" आतून तुळजाबाई.

"काय न्हाई आत्याबाई," ती पदरानं तोंड दाबून म्हणाली. "ष्टो इजला."

"हितं कुटला ष्टो?" तुळजाबाई पुटपुटली आणि परत शेंगा फोडायला लागली.


कोरं पान.

सकाळी रस्त्यावर एस.टी.ची वाट बघत दोघं उभी राहिली. त्याच्या हातात पिशवी, तिच्या हातात भाकरीचं फडकं. नेहमी ती या वेळी शिकायच्या गोष्टी विचारून घ्यायची.

"हुईल खोली," भिवाजी म्हणाला. "लावणीपतुर..."

"नगा सांगू."

"बरं."

घाटाच्या अंगानं धुरळा दिसला. गाडी येत होती.

"तेवडं एक सांगा," ती म्हणाली. "झोपाय जागा किती येती वाट्याला?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात समोर धरले, थोडं आत घेतलं, थोडं बाहेर, विचार करून. "एवडी."

"नक्की?"

"गेणबा नीट झोपला तर."

रस्त्यावर चार माणसं होती, म्हणून तिनं त्याला हात लावला नाही. फक्त फडकं काखेत धरून आपले दोन तळवे त्याच्या दोन तळव्यांच्या मधे, आतून, दोरा जाईल इतक्या अंतरावर नेऊन धरले. आणि तसेच ठेवले.

"भाकरी!" तो म्हणाला.

"काखंतनं घ्या. मला हात हालवाय लावू नगा."

त्यानं फडकं तिच्या काखेतून ओढून घेतलं. कंडक्टर ओरडला, चला, नवरा-बायकोनं काय देव धरलाय का मधे? भिवाजी चढला. गाडी पौडाकडं गेली.

चंद्राबाई हात तसेच समोर धरून घरी निघाली. ओढ्यापाशी पदर ढळला, तो तिनं दातात धरला. वाटेत धोंडाबाई भेटली.

"काय धरलंयस गं चंद्रे? दिसंना की काय!"

तिनं मान हलवली फक्त. बोललं तर दातातला पदर सुटला असता, आणि पदरासाठी हात उचलावा लागला असता.

खांदे भरून आले. पडवीत चुलीजवळच्या भिंतीपाशी येऊन ती गुडघ्यावर बसली. डावा तळवा भिंतीला टेकवला, उजवा सारवलेल्या जमिनीवर ठेवला आणि पायानं चुलीजवळचा कोळसा ओढून घेतला. डाव्या हातानं उजव्या तळव्याशी एक रेघ मारली. मगच उजवा हात उचलला.

भिंत आणि रेघ यांच्या मधे ती पाठीवर निजून बघायला गेली. खांदा रेघेबाहेर गेला. कुशीवर वळली. कुशीवर मावत होतं.

मग तिनं पाठ भिंतीला चिकटवली. श्वास आत ओढला, पोट आत घेतलं, होता येईल तेवढी बारीक झाली, आणि पुढं रेघेपर्यंत त्याच्यासाठी किती जागा सुटते ते हात ठेवून बघितलं.

चार बोटं.