बाहुलीतली ट्यूब

चौऱ्याहत्तर साली म्या सांगलीच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय हुतो. बाळंतिणींच्या वॉर्डात ऑक्सिजनची नळकांडी सरकवायची, आन् उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढायच्या. कुणाच्या चहात मीठ, कुणाच्या चपलांची अदलाबदल. माझ्या तावडीतनं एक नवा डाक्टर सुटला न्हाई.

त्या साली चारुलताबाई आल्या, वाईच्या. शिकाऊ डाक्टर. जन्मल्यावर लेकरू रडलं न्हाई, तर तोंडावर मास्क धरून रबरी पिशवीनं त्याला वारा द्यायचा असतोय. मोठ्या साहेबांनी बाईंना ते एकदाच दाखवलं, तेबी घाईत. हात बसवायचा कशावर?

"तात्याबा, मला एक बाहुली शिवून द्याल? तोंडाला भोक आणि आत फुगा. पिशवी दाबली की छाती वर आली पाहिजे."

"देतो की बाई."

बाहुली झ्याक शिवली. आत मात्र फुगा न्हाई, सायकलच्या जुन्या, कडक ट्यूबचा तुकडा घातला. बाईंनी पिशवी दाबली. छाती हलंना.

"जोर लावा की! वाईत जेवाय घालत न्हाईत व्हय?"

नर्सा तोंड फिरवून हसल्या. बाई रोज दुपारी, वॉर्ड निजला की, बाहुली घेऊन बसायच्या. तळहाताला फोड आले. आठव्या दिवशी मूठ आवळून ट्यूब फुगवली.

"जमलं, तात्याबा!"

तवाच सांगावं वाटलं. पर म्हटलं, शनिवारी समद्यांसमोर बाहुली उसवू, लय मजा येईल.

शुक्रवारी सकाळी कुंडलची शालूबाई आली. दादला पलटणीत, संगं सासू हरणाबाई. आधीची दोन लेकरं गेलेली. अकराच्या सुमाराला पोरगं झालं. निळंजांभळं, गप. साहेब ऑपरेशनात अडकलेले.

चारुलताबाईंनी तोंडातला चिकटा काढला, मास्क बसवला आन् मूठ आवळली. लेकराची छाती टम्म वर आली. बाईंनी परत मूठ आवळली.

म्या ऑक्सिजनच्या नळकांड्याची चावी धरून शेजारीच उभा हुतो. बोललो तर नोकरी गेली. न्हाई बोललो तर...

"बाई, थांबा! बाहुलीत फुगा न्हाई, म्या ट्यूब घातलीया. दोन बोटांनी दाबा, हे माणसाचं लेकरू हाय!"

बाईंनी माझ्याकडं बघितलंबी न्हाई. मूठ सुटली. अंगठा आन् दोन बोटं. छाती जराशी उचलली, खाली बसली. परत उचलली. म्या मनात मोजत हुतो. चाळीस का पन्नास झालं, आन् लेकरानं आचका दिला. मग मांजराच्या पिल्लागत रडलं.

साहेब आले. छातीला नळी लावून लय वेळ ऐकत राहिले.

"उजवीकडं हवा कमी जातेय. फुप्फुसाला इजा झालेली दिसते. एवढ्या जोरात दाबायला कुणी शिकवलं तुला?"

"माझी चूक, सर," बाई म्हणाल्या.

"न्हाई साहेब, माझी." म्या बाहुली आणून टेबलावर ठेवली, उसवली. ट्यूब बाहेर काढली. शनिवारची मजा शुक्रवारीच झाली. कुणी हसलं न्हाई.

साहेब हळूच म्हणाले, "हे पोर गेलं, तर त्याच्या आईला तू सांगायचंस. नोकरीचं मग बघू."

तीन दिवस म्या त्या वॉर्डाच्या दाराशी बसून हुतो. काय सांगायचं ते मनात जुळवत हुतो. "शालूबाई, म्या गंमत केली," याच्या फुडं शब्दच येत न्हवता.

चौथ्या दिवशी पोरगं आईच्या अंगावर प्यायलं. साहेबांनी छातीला नळी लावून ऐकलं, मान डोलावली, नोकरीचं काय न बोलता निघून गेले.

दाराबाहेरनं नुसतं माझं वरडणं ऐकलेल्या हरणाबाईनं पेढा आणून माझ्या हातावर ठेवला. "तुमी वरडला म्हणून वाचलं बगा, दादा."

पेढा हातातच राहिला. शेजारी चारुलताबाई उभ्या. त्यांनी तो घेतला, मधोमध मोडला, निम्मा माझ्या हातावर परत ठेवला. त्यांच्या तळहातावरचे फोड अजून सुकले न्हवते.

"खा, तात्याबा. आणि नवी बाहुली कधी देताय? उद्यापासून दोन मुलं नवीन येतायत शिकायला."