सिमेंटखालची ओल

"पोरी, माटीनी भित शे. तिले सिमीट लावू नको. मझारनी वल भाइर निंघाव नही," झुलाल नाना म्हणाले होते. मी हसले. "नाना, आतली ओल राहू दे आत, तुमच्या मातीतून विंचू निघतात, त्याचं काय?"

लेक तेव्हा दीड वर्षाची होती. शिरपूरजवळच्या खेड्यातलं, माझ्या नवऱ्याच्या, भूषणच्या चुलत आजोबांचं सव्वाशे वर्षांचं धाब्याचं घर आम्ही सुट्टीत राहण्यासाठी नव्याने करत होतो. सागाचे खांब, मातीचं छत, हातभर जाड भिंती. घर राखणारे झुलाल नाना दर वैशाखात छतावर पांढरी खारी माती टाकायचे. त्यांची बायको बेबाबाई शेणामातीने भिंती लिंपायची. मागच्या खोलीत दोघांचा चाळीस वर्षांचा संसार होता.

लेक भिंत खरवडून माती खायची. माझा जीव थाऱ्यावर नसायचा. भूषण म्हणाला, "खांबांना हात लावू नको, भिंती तुला हव्या तशा कर." मी सगळ्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर पिवळसर रंग. बेबाबाईने त्यावरून हात फिरवला.

"झाक दिखस. पन आते मी काय लिपू, तुन्हा नवराले?"

धुळ्यातून नजर ठेवता यावी म्हणून मी घरात कॅमेराही बसवला.

श्रावणात चार दिवस झड लागली. सकाळी अकराला फोनवर बघितलं, तर लेकीच्या पलंगामागची भिंत फुगलेली. मला वाटलं, रंग सुटला. मी बेबाबाईला फोन लावला. "बाळाची गादी तेवढी उचला हो, ओल धरेल."

"उचलस ना माय, दम धर."

ती पदर खोचून आत आली. गादीची गुंडाळी केली, काखेत घेतली आणि पलंगावरची बाहुली घ्यायला पुन्हा वाकली. भिंत अंगावर आली. नंतर पडद्यावर नुसती धूळ, आणि दारातून नानांचा आवाज.

मातीची भिंत आधी काळी पडते, ढेकळं सोडते. नाना दर पावसाळ्यात ते बघूनच माणसं हलवायचे. या वेळी त्यांना रंगच दिसत होता.

दहाव्याला ते माझ्याशी एकच वाक्य बोलले.

"गादी वली व्हयनी का मंग?"

राहिलेला गिलावा काढायला मी माणसं पाठवली, नानांनी ती परत पाठवली. धुळ्याला यायला ते तयार नाहीत. मी गेले की आतून कडी लावतात. कॅमेरा मी काढून टाकला, त्यामुळे आता काहीच दिसत नाही.

शिरपूरहून सातपुड्याकडे निघालात, तर गावाच्या टोकाला कोरीव दाराचं पिवळसर घर लागेल. मागच्या खोलीची कडी वाजवा. माझं नाव सांगू नका. त्या खोलीलाही सिमेंटच आहे. नानांची खाट कोणत्या भिंतीला लागून आहे, तेवढं बघा, आणि जमलं तर मध्ये ओढा.