दादाच्या ओळी

जेवणाची सुट्टी संपायला सहा मिनिटं होती आणि दादाच्या दोन ओळी अजून बघायच्या होत्या. चिमणी दोन हातांत दोन बाटल्या धरून भराभर पुढे सरकत होती. हे नाव ती पाळण्यात असताना दादाने ठेवलेलं. आता ती अठ्ठेचाळीसची होती, गुडघे कुरकुरत होते, तरी नाव काही मोठं व्हायला तयार नव्हतं.

काम सांगायला सोपं. फेसाळणारी वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि तिचा गाळ आतच राहतो. म्हणून बाटल्या लाकडी घोडीच्या भोकांत तोंड खाली करून तिरप्या खोचायच्या आणि रोज प्रत्येक बाटली जराशी फिरवायची, जराशी उभी करायची. किती फिरवली ते बुडावरच्या पांढऱ्या रेघेवरून कळतं. दीड महिन्यात गाळ घसरत तोंडाशी येतो, मग तोंड गोठवून तो उडवून टाकतात. कमी फिरवलं तर गाळ काचेला चिकटून बसतो, हिसका बसला तर वर उठतो. एकेका माणसाला रोज चार हजार बाटल्या.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वाइन डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्यांना हे कोण शिकवणार? कारखाना निघाला तेव्हा परदेशातून एक म्हातारा तीन महिन्यांसाठी आला होता. त्याची भाषा इथे कुणाला येत नव्हती. दादा त्याच्या शेजारी उभा राहून नुसते त्याचे हात बघत राहिला आणि शिकला. पुढे सगळ्यांना त्यानेच शिकवलं. नवरा गेल्यावर चिमणीला हाताला धरून या गार हॉलमध्ये आणलं, तेही त्यानेच.

गेल्या वर्षापासून दादाचे हात थरथरू लागले होते. तो बोलला नाही, तिने विचारलं नाही. तो जेवून आवारात पाय पसरायचा, तेव्हा ती चार घास गिळून त्याच्या घोड्यांपाशी यायची आणि मागे राहिलेल्या रेघा पुढे न्यायची. मग दुपारभर स्वतःच्या ओळी दुखऱ्या हातांनी कशाबशा उरकायची. तिला त्याचा रागही यायचा. असू दे तसंच, कळू दे सगळ्यांना, असं किती वेळा मनात यायचं. पण निवृत्तीला तीन वर्षं होती, आणि फाटकाजवळची त्याची खोली कंपनीची होती. नोकरी गेली की खोलीही जाणार होती.

आता बाटल्या फिरवणारं मशीन आलं होतं. लोखंडी पिंजरा, पाचशे बाटल्या एकदम फिरवणारा. हाताने फिरवायचा फक्त खास माल, आणि त्याला एकच माणूस पुरे. बाकीचे चौघे आधीच गेले होते, उरले होते हे दोघे.

सुट्टी संपली तसा मॅनेजर दिवा घेऊन आला. दादाच्या घोडीतली बाटली त्याने उजेडासमोर धरली. स्वच्छ. आणखी चार काढल्या, चारही स्वच्छ. चिमणीच्या पाचांपैकी तीन गढूळ निघाल्या. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि दादांनी कामावर राहावं, एवढंच म्हणाला.

चिमणीला हलकं वाटलं. आपलं काय, कुठेतरी धुणीभांडी करू, दादाची तीन वर्षं निघतील. मग तिच्या लक्षात आलं की उद्यापासून दुपारी त्याच्या घोड्यांपाशी यायला ती इथे असणारच नाही. तिला एकदम रडू आलं.

"साहेब, त्या ओळी माझ्या नाहीत," दादा म्हणाला. "हिच्या हातच्या आहेत. वर्ष झालं. माझ्यापायी हिचं काम बिघडलं."

"काहीतरीच काय बोलतोस, दादा!"

"रोज रेघ कुठवर गेली ते मला दिसत नाही होय गं? गप्प बसलो. लाज वाटायची." त्याने दोन्ही हात पुढे केले. ते सगळ्यांना दिसतील इतका वेळ त्याने तसेच धरले.

मॅनेजरने दिवा विझवला. म्हणाला, "मग ताई थांबतील."

"खोलीचं काय?" चिमणीने दादाला विचारलं.

"तुझ्याकडे येईन. जागा देशील ना?"



दादाने मॅनेजरला एकच मागितलं. आजची शेवटची घोडी बाकी आहे, ती माझी मला संपवू द्या. मॅनेजर हो म्हणून निघून गेला.

दादाने पहिल्या दोन बाटल्या धरल्या. काच लाकडावर खडखडली. त्याने हात काढून घेतले, पँटला पुसले, पुन्हा धरले. एकशेवीस बाटल्या होत्या. चिमणीने पदर कमरेला खोचला, एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबली. मग दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ती तिथेच उभी राहिली, त्याच्या सगळ्या ओळी होईपर्यंत.