जर्दाळू, मध, केशर

दोन महिन्यांपूर्वी तापातून उठले ती नाक गमावूनच. फोडणी करपली तरी मला कळत नाही. हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही, कारण माझं पोट नाकावर चालतं. वाइन हुंगायची, चाखायची आणि तिच्या दर्जाच्या कागदावर सही करायची. राजश्री शिरसाटची सही असली की गिऱ्हाईक डोळे मिटून पितं. नाक गेल्याचा सुगावा लागला, तर माझ्या खुर्चीत उद्याच दुसरं कुणी बसेल.

वरसाव्याच्या आपल्या हॉटेलात जितेशशेठनं दुपारी नवी वाइन चाखायला बोलावलं. चाळीस वर्षं जुनी, परदेशातली गोड वाइन. वेलीवरच सुकत आलेल्या द्राक्षांची, जेवणानंतर घोट घोट घ्यायची. त्यानं दोन पेले भरले. रंग फर्मास होता, पातळ काकवीसारखा.

मी पेला फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. काहीच नाही. पण पंधरा वर्षांच्या या धंद्यात सोंगही अंगवळणी पडतं.

"वा! आधी जर्दाळू. मागून मध. शेवटी केशर."

मग घोट घेतला. अशा वाइनच्या गोडीत आंबटपणाची धार लागते. हा नुसता पाक होता, आणि घशात कसलीशी कडवट चरचर. बोल, गप्प बसू नकोस, असं मन ओरडत होतं. पण नाकासारखी जीभही गेली असली तर? माझा माझ्यावरच भरवसा उरला नव्हता.

"अप्रतिम," मी म्हणाले.

जितेशशेठ हसला. "चंपाताई, काढा ते बाहेर."

स्वयंपाकघरातली चंपा पदर नाकाला लावून आली. माझ्याच टेबलाखाली वाकून तिनं एक पिशवी ओढली. आत डोंगरीचे सुके बोंबील, चांगले दोन किलो.

"सकालपासून ठेवलंय, ताई. मला न्हाय सोसत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली.

चाखण्याआधी मी खोलीच्या वासावरून भांडते, हे प्रत्येक हॉटेलात ठाऊक आहे. अगरबत्ती विझवायला लावते, गजरा माळलेल्या पोरीला बाहेर घालवते. आज मी चकार शब्द काढला नव्हता.

"मॅडम, गेल्या टायमाला किचनमध्ये दूध जळलं तरी तुम्ही गप्प. तेव्हाच डाऊट आला," जितेशशेठ म्हणाला. "टेन्शन नका घेऊ. कुणाला बोलणार नाय मी. उलटं मला अशीच पार्टी पाहिजे होती."

त्यानं कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. आणखी बाटल्या येणार होत्या, आणि प्रत्येकीच्या कागदावर माझंच नाव छापलेलं होतं.

"आत काय आहे, जितेशशेठ?"

"आत्ताच बोललात ना? जर्दाळू, मध, केशर."

त्याच्या पेल्यातला एक थेंबही कमी झालेला नव्हता. मला भीती वाटत होती, स्वतःची किळस येत होती, तरी मी पेन उचललं. पहिल्या कागदावर सही केली, मग दुसऱ्यावर. बाहेरच्या हॉलमध्ये साखरपुड्याच्या पाहुण्यांसाठी पेले मांडायला सुरुवात झाली होती.