शुक्रवारची परीक्षा

ठाकुर्लीच्या नव्या बिल्डिंगमधली खोली मंदाकिनीच्या डोक्यात कधीच सजून तयार होती. खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा आणि आतून कडी लावायची सोय. दहावीचा अभ्यास तिथंच होणार, असं तिने अख्ख्या वर्गाला सांगूनही टाकलेलं. आणि आज बाबा त्याच खोलीच्या बुकिंगचे पैसे शेअरमध्ये घालायला निघाले होते.

त्या उन्हाळ्यात डोंबिवलीत जो तो शेअरचे फॉर्म भरत होता. त्यात वरच्या मजल्यावरचा आनंद ज्या कंपनीत इंजिनिअर, तिचाच इश्यू निघाला. कंपनी कॉम्प्युटरची मेमरी बनवणार होती, आणि तीही अशी की वीज गेली तरी लिहिलेलं पुसलं जाणार नाही. शाळेतला कॉम्प्युटर लाइट गेले की सगळं विसरायचा, त्यामुळे ही गोष्ट केवढी मोठी आहे ते घरात फक्त आपल्यालाच कळतं, असं मंदाकिनीचं ठाम मत होतं. बाबांनीही तिला सांगितलेलं, तू शिकलीयस, तूच बघून सांग.

बाबा एमआयडीसीत फिटर. शुक्रवारी त्यांना सुट्टी, म्हणून आनंदला यंत्र घेऊन शुक्रवारीच बोलावलं. इश्यूचे फॉर्म भरायचाही तो शेवटचा दिवस. तीनला बँकेची खिडकी बंद होणार होती.

आनंदने की-बोर्डचं खोकं टीव्हीला जोडलं आणि त्यात आपलं मेमरीचं कार्ड बसवलं. मंदाकिनीने सतराचा पाढा टाइप केला. आनंदने प्लग उपटला. सगळ्यांचा चहा झाल्यावर परत लावला, तर पाढा जसाच्या तसा.

"पास," मंदाकिनी परीक्षकाच्या थाटात म्हणाली. बाबांनी फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

आणि पंखा थांबला. टीव्ही काळा झाला.

"शुक्रवार," आई दारातून म्हणाली. "गिरणीवाल्याच्यासुद्धा लक्षात असतं."

शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते ती संध्याकाळशिवाय येत नाही, म्हणून सगळी डोंबिवली गुरुवारीच दळण उरकून घेते. सुट्टीच्या नादात ते नेमकं घरातल्या हुशारांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

आनंद मात्र जागचा हलेना. कार्डाकडेच बघत राहिला. मंदाकिनीला ते खटकलं. मघाशी प्लग काढला तेव्हा हा असा दिसत नव्हता.

"संध्याकाळपर्यंत टिकेल ना रे?" बाबांनी विचारलं.

आनंद हो म्हणणार, असं मंदाकिनीला वाटलं. त्याने तोंड उघडलंही.

"काका, रात्रभर टिकलंय, पण एसीतल्या लॅबमध्ये. उकाड्यात कधी टिकतं, कधी नाही. का, ते आम्हालाच अजून कळलेलं नाही."

"पण कळेल ना?"

"तेही सांगता येत नाही."

बाबांनी टोपण लावलं, काढलं, परत लावलं. जमलं तर एका खोलीच्या दोन होतील, हे ते आठवडाभर बोलत होते. फसलं तर ही एकही नाही, हे कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मंदाकिनीकडे पाहिलं. आनंददादासमोर मघाचं 'पास' मागे घ्यायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण घड्याळ काही थांबत नव्हतं.

"बाबा, मी घाईने पास म्हटलं. मला नाही माहीत. खोलीचे पैसे नका घालू."

"बरोबर बोलतेय ती," आनंद खाली बघत म्हणाला.

तीन वाजले. बँकेत जायला कुणी उठलं नाही. भिंती तापल्या, खोकं हाताला कढत लागायला लागलं. आनंद जेवायलाही वर जाईना, तेव्हा आईने त्याचं ताट इथंच आणलं.

दिवेलागणीला पंखा कुरकुरला. टीव्ही सावकाश उजळला. मंदाकिनी काचेवर बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत गेली. एकही आकडा चुकला नव्हता.

मंदाकिनीला ओरडावं की रडावं कळेना. बाबांकडे बघायची तर हिंमतच होईना.

"यंत्र राहू दे इथंच," बाबा म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी परत बघू."

"काका, इश्यू तर बंद झाला."

"माहितीये रे. पण एका शुक्रवारात काय कळतंय?"

मंदाकिनीने की-बोर्ड पुढे ओढला आणि अठराचा पाढा सुरू केला. या वेळी यंत्र टेबलावर नाही, पश्चिमेच्या खिडकीत ठेवायचं, ऊन थेट येतं तिथं.